पिवळ्या तारा, कापलेले कोपरे

संगणकाचं कॅबिनेट उघडलं की नजर आधी पंख्यांवर जाते, मग ग्राफिक कार्डावर, मग प्रोसेसरवरच्या कूलरवर. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, पोटातून निघालेली तारांची जाड जुडी आणि तिच्या टोकाचा प्लास्टिकचा ठोकळा, यात बघण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटत नाही. तो ठोकळा एकदा हातात घेऊन उजेडात धरावा. बाराच्या दोन ओळी, एकूण २४ चिमुकल्या नळ्या, शेजारच्या दोन नळ्यांच्या मध्यांत अंतर ४.२ मिलिमीटर. जरा निरखलं की लक्षात येतं, या नळ्या एकसारख्या नाहीत. काही नेमक्या चौकोनी आहेत, तर काहींचे कोपरे तिरपे कापलेले आहेत. मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्येही तशीच दोन प्रकारची घरं आहेत.

हे शोभेसाठी केलेलं नाही. कापलेल्या कोपऱ्यांची नळी चौकोनी घरात जाते. चौकोनी नळी मात्र कापलेल्या कोपऱ्यांच्या घरात शिरत नाही. एवढ्या एका नियमावर २४ नळ्यांची मांडणी रचली की ठोकळा उलटा बसत नाही, एक घर सरकून बसत नाही आणि भलत्या सॉकेटातही सहजासहजी बसत नाही. विजेतलं काहीही न कळणाऱ्या माणसाच्या हातूनसुद्धा १२ व्होल्टची तार ३.३ व्होल्टच्या घरात जाणार नाही, याची काळजी प्लास्टिक घेतं. हे बघताना मला दर वेळी नवल वाटतं. आपल्या हयातीत कधीही न भेटणाऱ्या कुणाच्या तरी हातून चूक होऊ नये म्हणून कुणीतरी बसून हे कोपरे ठरवले आहेत.

मदरबोर्डासाठी योग्य पॉवर कनेक्टर निवडणं म्हणजे मुख्यतः हे आकार वाचता येणं. आणि आकार जिथे काहीच सांगत नाही, अशा मोजक्या जागा ठाऊक असणं.

या काळजीची किंमत कळायची तर ती नव्हती तो काळ पाहावा लागतो. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमनं आपला पहिला पीसी बाजारात आणला. त्याचा पॉवर सप्लाय होता ६३.५ वॉटचा. आज बऱ्यापैकी प्रोसेसर एकटाच याहून जास्त वीज घेतो. त्या पीसीत मदरबोर्डाकडे वीज नेणारे कनेक्टर दोन होते, सहा-सहा घरांचे, पी-८ आणि पी-९ या नावांचे. ते शेजारी शेजारी लावायचे असत आणि दिसायला जवळपास सारखेच होते. त्यांची अदलाबदल झाली तर बोर्डावर जिथे ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट यायला हवं तिथे पाच व्होल्ट येत, आणि महागामोलाचा बोर्ड जाऊ शकत असे. हीच पद्धत पुढच्या एटी पिढीतही चालू राहिली. ते टाळायला कारागिरांनी एक नियम तोंडपाठ केला होता: काळ्या तारा काळ्या तारांशेजारी. दोन्ही कनेक्टरांच्या काळ्या तारा मधोमध एकत्र आल्या की जोडणी बरोबर. म्हणजे सगळी सुरक्षितता माणसाच्या आठवणीवर उभी होती, आणि दिवसभर काम करून दमलेल्या माणसाची आठवण किती भरवशाची असते ते आपण जाणतो. जवळपास दीड दशक जगभरचे पीसी याच नियमावर जोडले गेले.

१९९५मध्ये इंटेलनं एटीएक्स नावाचं नवं मानक मांडलं. त्यात दोन कनेक्टरांच्या जागी एकच, २० घरांचा कनेक्टर आला, कापलेल्या कोपऱ्यांसह. काळ्याशेजारी काळी ठेवण्याची आठवण आता माणसाला ठेवावी लागत नव्हती. ती साच्यात ओतलेली होती. साधारण त्याच विचारानं जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात कारखान्यांसाठी आग्रह धरला होता: कामगाराला ‘लक्ष दे’ म्हणून बजावण्यापेक्षा वस्तूच अशी घडवा की ती चुकीची बसणारच नाही.

एटीएक्सनं आणखी एक गोष्ट बदलली, आणि तिची खूण त्या २० तारांमध्येच आहे. त्याआधीच्या पीसीत पुढचं बटण हे खरोखरच मेन्सचं बटण असे. आपल्याकडे २३० व्होल्टची वायर कॅबिनेटच्या पुढच्या पत्र्यापर्यंत यायची. म्हणून तर विंडोज ९५ काम आवरून पडद्यावर सांगायचं की आता संगणक बंद करायला हरकत नाही, आणि मग आपण हातानं बटण दाबायचो. एटीएक्समध्ये हे काम एका हिरव्या तारेकडे आलं. ही तार ग्राउंडला जोडली की पॉवर सप्लाय सुरू, सोडली की बंद. समोरचं बटण आता मदरबोर्डाला फक्त विनंती करतं; हिरवी तार खाली ओढायची की नाही ते बोर्ड ठरवतो. दुरुस्तीवाले सुट्या एसएमपीएसची चाचणी घेताना हिरवी आणि काळी तार एका तुकड्यानं जोडतात, ती यामुळेच.

पण संगणक बंद असताना विनंती ऐकायला बोर्ड जागा कसा राहतो? त्यासाठी जांभळी तार आहे. प्लग भिंतीत आहे आणि मागचं बटण चालू आहे, तोवर या तारेवर पाच व्होल्ट कायम असतात. रात्री बंद केलेल्या संगणकाला लावलेला माउस लुकलुकतो किंवा फोन चार्ज होतो, तो या जांभळ्या तारेमुळे. रॅम काढण्याघालण्याआधी एसएमपीएसचं मागचं बटण बंद करावं आणि जमल्यास वायरही काढावी असं सांगतात, त्यामागचं कारणही हेच: पडदा काळा असला तरी बोर्डात वीज असते.

राखाडी तार मला सगळ्यात हुशार वाटते. पॉवर सप्लाय सुरू होताच सगळे व्होल्टेज एका क्षणात ठरलेल्या पातळीला पोचत नाहीत. त्यांना स्थिरावायला वेळ लागतो. ३.३, ५ आणि १२ हे मुख्य तिन्ही व्होल्टेज नेमलेल्या आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आत आले, की त्यानंतर १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत राखाडी तार बोर्डाला ‘वीज ठीक आहे’ असा इशारा देते. तोपर्यंत प्रोसेसर एकही आज्ञा पाळत नाही. आणि वीज गेली की हीच तार आधी खाली येते, व्होल्टेज कोसळण्याच्या किमान एक मिलिसेकंद आधी. माणसाच्या हिशेबी एक मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही. प्रोसेसरसाठी तो लाखो पावलांचा अवधी आहे. ती सूचना शक्य होते कारण एसएमपीएसमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टवर थोडी वीज साठलेली असते आणि तिच्यावर संगणक साधारण १६-१७ मिलिसेकंद निभावून नेतो. लोडशेडिंगच्या गावात यूपीएस बॅटरीवर जाईपर्यंतचा जो क्षण जातो आणि तरीही टाइप करत असलेलं वाक्य पडद्यावर तसंच राहतं, तो क्षण याच साठ्यानं तोलून धरलेला असतो.

आणखी दोन घरं बघण्यासारखी आहेत. तेराव्या घरात नारिंगी तारेच्या जोडीला अनेकदा एक बारीक तपकिरी तार असते. ती वीज नेत नाही, बातमी आणते. बोर्डापाशी प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचले ते ती मोजून परत कळवते, आणि तारेच्या लांबीत काही गळालं असेल तर पॉवर सप्लाय तेवढं वाढवून पाठवतो. आणि विसावं घर बहुतेक नव्या केबलींमध्ये चक्क रिकामं असतं. तिथे पूर्वी पांढरी तार असे, उणे पाच व्होल्टची, जुन्या आयएसए कार्डांसाठी. ती कार्डं गेली, मग तारही गेली. घर मात्र ठेवलं, कारण जुन्या सॉकेटांशी जुळणारा आकार मोडायचा नव्हता. नवा एसएमपीएस घेतलेल्या कुणालाही ते रिकामं घर बघून धस्स होतं, पिन तुटली की काय. तुटलेली नाही. ते तसंच असायला हवं.

आता पिवळ्या तारांकडे येऊ, कारण निवडीचा सगळा पेच त्यांच्यापाशी आहे. लाल म्हणजे पाच व्होल्ट, नारिंगी म्हणजे ३.३, पिवळी म्हणजे बारा. १९९५च्या त्या २० तारांमध्ये लाल चार होत्या, नारिंगी तीन आणि पिवळी फक्त एक. यावरूनच कळतं की त्या काळी प्रोसेसर आणि रॅम पाच किंवा ३.३ व्होल्टवर चालत आणि १२ व्होल्टचा उपयोग मुख्यतः हार्ड डिस्कची मोटर आणि पंखे फिरवण्यापुरता होता. आज ती मांडणी पूर्ण उलटली आहे. संगणकात जी काही मोठी वीज लागते, ती जवळजवळ सगळी पिवळ्या तारांतून येते.

हे का झालं, ते जेम्स जूलनं १८४१मध्येच सांगून ठेवलं होतं. तारेतून प्रवाह वाहिला की तार तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. वीज तेवढीच पोचवायची पण तार तापवायची नाही, तर एकच वाट उरते: व्होल्टेज वाढवा, म्हणजे प्रवाह कमी होतो. कोयनेची वीज मुंबईकडे लाखो व्होल्टांवर येते ती याच कारणानं. कॅबिनेटच्या आतल्या हातभर वायरीलाही तोच नियम लागू आहे. पाच व्होल्टांऐवजी बारा व्होल्टांवर तेवढीच वीज पाठवली, की त्याच तारेत वाया जाणारी उष्णता पावणेसहा पटीनं कमी होते.

नोव्हेंबर २०००मध्ये पेंटियम ४ आला तेव्हा हा नियम टाळता येण्याजोगा राहिला नाही. प्रोसेसर पन्नास वॉटांच्या पुढे गेला होता आणि तोही जेमतेम पावणेदोन व्होल्टांवर. त्याच्यासाठी मोठ्या कनेक्टरशिवाय वेगळा, चार घरांचा छोटा कनेक्टर आला: दोन पिवळ्या, दोन काळ्या. प्रोसेसरच्या अगदी शेजारी तो लावायचा. लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत आजही दुकानदार त्याला ‘पी-फोर’ म्हणतात, पेंटियम ४ कधीच मागे पडला तरी. २००३च्या सुमारास मोठा कनेक्टरही २०चा २४ झाला. वाढलेल्या चार घरांत एक पिवळी, एक लाल, एक नारिंगी आणि एक काळी आली. आजही कित्येक एसएमपीएसमध्ये हा २४चा कनेक्टर ‘२० अधिक ४’ असा दोन तुकड्यांत येतो. दोन्ही तुकडे खाचेत सरकवून एक करायचे आणि मगच बोर्डात दाबायचे.

सर्व्हरच्या जगातून मग आठ घरांचा ईपीएस कनेक्टर आला: चार पिवळ्या, चार काळ्या. आज बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरसाठी हाच असतो, आणि महागड्या बोर्डांवर दोन. त्यातून काय वाहतं याचा एकदा हिशेब करून बघा. इंटेलचा कोअर आय-९ १३९००के हा प्रोसेसर भरधाव असताना २५३ वॉटपर्यंत घेऊ शकतो. बारा व्होल्टांवर हे झाले २१ अँपियर, म्हणजे चार पिवळ्या तारांत प्रत्येकी सव्वापाच. हे सुखानं जमतं. पण प्रोसेसरच्या आतले ट्रान्झिस्टर बारा व्होल्ट सहन करू शकत नाहीत. त्यांना सव्वा व्होल्टाच्या आसपास लागतं. सव्वा व्होल्टावर २५३ वॉट म्हणजे दोनशे अँपियर. लोखंडी गेट जोडणारा वेल्डर शंभर-सव्वाशे अँपियरवर काम करतो. त्याच्या दीडपटीहून जास्त प्रवाह तळहाताच्या निम्म्या आकाराच्या चिपमध्ये, आवाज न करता, ठिणगी न पाडता जातो.

बाराचं सव्वा करण्याचं काम सॉकेटभोवती दाटीनं मांडलेले चौकोनी काळे कॉइल आणि त्यांच्या शेजारचे, हीटसिंकखाली लपलेले छोटे स्विच करतात. ते स्विच सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करतात. बारा व्होल्ट क्षणभर देतात, बराच वेळ तोडतात, आणि कॉइल त्या तुकड्यांची सरासरी काढून सलग प्रवाह पुढे पाठवतं. हे काम प्रोसेसरच्या इतक्या जवळ का करायचं? कारण दोनशे अँपियर जितक्या कमी अंतरावरून न्यावे लागतील तितकं बरं. जूलचा नियम इथे मिलिमीटरांत मोजला जातो. प्रोसेसरचा कनेक्टर बहुतेकदा बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, हात घालायला अवघड जागी असतो, त्याचंही कारण हेच: बाराचं सव्वा करणारी रचना जिथे असते तिथे तो असतो.

तेव्हा नवा बोर्ड आणि नवा एसएमपीएस घेताना पहिला प्रश्न किती वॉट हा नसून प्रोसेसरच्या कनेक्टरची घरं किती, हा असावा. कॅबिनेटसोबत आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर वॉटचा आकडा मोठा छापलेला असतो, पण प्रोसेसरसाठी चारच घरांचा कनेक्टर असतो. आठच्या सॉकेटात तो चारचा कनेक्टर बसतो. तशी सोयच आहे. साध्या, कमी विजेच्या प्रोसेसरवर संगणक सुरूही होतो. पण भारी प्रोसेसरवर तेवढाच प्रवाह निम्म्या तारांतून जातो, आणि प्रत्येक तारेत उष्णता चौपट होते. इथे आकार चुकीला अडवत नाही, त्यामुळे आपणच अडायला हवं. उलट, बोर्डावर ‘आठ अधिक चार’ अशी दोन सॉकेटं असतील आणि एसएमपीएसला आठचा एकच कनेक्टर असेल, तर सर्वसाधारण वापरात घाबरायचं कारण नाही. दुसरं सॉकेट बहुधा प्रोसेसर मर्यादेबाहेर पळवणाऱ्यांसाठी असतं. बोर्डाच्या पुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

आता सर्वात धोक्याची जागा. ग्राफिक कार्डाचा कनेक्टरही आठच घरांचा असतो. प्रोसेसरचा ईपीएसही आठचा. दोन्हींत पिवळ्या-काळ्याच तारा. पण ईपीएसमध्ये ज्या ओळीत बारा व्होल्ट असतात, कार्डाच्या कनेक्टरमध्ये त्या ओळीत ग्राउंड असतं. म्हणजे दोन्ही जवळजवळ उलट. एकाचा कनेक्टर दुसऱ्यात घालायचा प्रयत्न केला तर कापलेले कोपरे अडवतात, पण प्लास्टिक शेवटी प्लास्टिकच आहे. मनगटात जोर असलेला माणूस ते वाकवू शकतो. तारा रंगीत असतील तर एक सोपी ओळख आहे. लॉकची चाप ज्या बाजूला आहे तिथे पिवळ्या तारा असतील तर तो प्रोसेसरचा, काळ्या असतील तर कार्डाचा. हल्ली मात्र दिसायला छान म्हणून सगळ्या तारा काळ्याच देतात. तेव्हा दुसरी ओळख वापरावी: प्रोसेसरचा ‘चार अधिक चार’ असा दुभंगतो, कार्डाचा ‘सहा अधिक दोन’ असा. बहुतेक कंपन्या कनेक्टरवर ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआय-ई’ अशी अक्षरंही उमटवतात. ती वाचल्याशिवाय लावू नये. जोर लावावा लागला तर थांबावं.

कार्डाच्या कनेक्टरला मानकानं घातलेली मर्यादाही पाहण्यासारखी आहे. सहा घरांचा ७५ वॉट, आठ घरांचा १५० वॉट, आणि मदरबोर्डाच्या स्लॉटमधून आणखी ७५ वॉट. आठच्या कनेक्टरात बारा व्होल्टच्या तारा तीनच असतात, म्हणजे १५० वॉटला प्रत्येक तारेत सव्वाचार अँपियरसुद्धा येत नाहीत. या पिना चांगल्या असतील तर सात-आठ अँपियर सहज वाहून नेतात. म्हणजे मानक ठरवणाऱ्यांनी जवळजवळ निम्मी ताकद बाजूला राखून ठेवली होती. ती राखीव ताकद कशासाठी, हे समजायला दोन धातू एकमेकांना कसे टेकतात ते पाहावं लागेल.

आपल्याला वाटतं, पिन नळीतल्या पत्तीला लागली म्हणजे पूर्ण लागली. तसं नसतं. रॅग्नार होल्म या स्वीडिश संशोधकानं विजेच्या जोडांच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. कितीही गुळगुळीत धातू सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांचा असतो, आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले तरी ते फक्त मोजक्या शिखरांवरच भिडतात. सगळा प्रवाह त्या काही चिमुकल्या ठिपक्यांमधून अरुंद होऊन पलीकडे जातो. पत्तीचा दाब पुरेसा असेल तर ठिपके वाढतात, रोध कमी राहतो. पत्ती सैल झाली, पृष्ठभागावर ऑक्साइड चढला किंवा कनेक्टर अर्धाच आत गेला, की ठिपके कमी होतात; रोध वाढतो, जोड तापतो; तापला की पत्तीची स्प्रिंग आणखी सैल होते, आणि तो आणखी तापतो. जळालेला कनेक्टर बघितला तर बहुतेक वेळा सगळा नसून एकच घर काळं पडलेलं असतं, ते या चक्रामुळे. राखून ठेवलेली निम्मी ताकद म्हणजे हे चक्र सुरू होऊ न देणारी जागा होती.

२०२२मध्ये आलेल्या कार्डाच्या नव्या कनेक्टरनं ती जागा बरीच आकसवली. १२ व्ही-एचपीडब्ल्यूआर असं त्याचं नाव. आकारानं जुन्या आठच्या कनेक्टराएवढा, घरांतलं अंतर ४.२ऐवजी ३ मिलिमीटर, वीज नेणाऱ्या पिना १२, आणि वर इशाऱ्यांसाठी चार बारीक पिना. त्यातून ६०० वॉटपर्यंत वीज न्यायची परवानगी. ६०० वॉट म्हणजे ५० अँपियर, बारा व्होल्टच्या सहा पिनांत (उरलेल्या सहा ग्राउंडच्या) प्रत्येकी ८.३, आणि पिनेची क्षमता नऊ अँपियरच्या थोडी वर. ऑक्टोबर २०२२मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० विक्रीला आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो जगभर फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियानं सांगितलं की तपासलेल्या प्रकरणांत कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे कारण दिसतं. आकडे बघितल्यावर मला यात सगळा दोष लावणाऱ्याचा वाटत नाही. जुन्या कनेक्टरात अर्धवट बसलेली पिन निभावून जायची; नव्यात तिला निभावायला जागाच ठेवलेली नव्हती. शिवाय अनेक कार्डांवर सहाही पिना आत जाताच एकत्र येतात, त्यामुळे दोन पिनांचा जोड बिघडला तर त्यांचा वाटा उरलेल्या चार मुकाट्यानं उचलतात आणि कार्डाला पत्ताही लागत नाही.

दुरुस्ती जी झाली ती मात्र सुरेख आहे. २०२३मध्ये आलेल्या १२ व्ही-२×६ या सुधारित रूपात वीज नेणाऱ्या पिना पाव मिलिमीटर लांब केल्या आणि इशाऱ्याच्या पिना सुमारे दीड मिलिमीटर आखूड केल्या. इशाऱ्याच्या पिना आखूड म्हणजे त्या सर्वात शेवटी लागणार. त्या लागल्या नाहीत तर कार्डाला वीज घेण्याची परवानगीच मिळत नाही. याचा अर्थ, कार्ड चालू झालं तर वीज नेणाऱ्या पिना आधीच खोलवर पोचलेल्या असणार. नवं सर्किट नाही, नवा सेन्सर नाही. फक्त लांबीतला फरक. आपल्या घरातल्या तीन पिनी प्लगमध्ये अर्थिंगची जाड पिन इतर दोन्हींपेक्षा लांब असते, म्हणजे ती आधी लागते आणि शेवटी सुटते. हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या १५ पिनी साटा कनेक्टरातही ग्राउंडच्या काही पिना लांब ठेवलेल्या असतात, त्याच कारणानं. आधी काय लागावं आणि शेवटी काय, हा क्रम लांबीत लिहून ठेवायची ही जुनी आणि भरवशाची रीत आहे.

असं कार्ड घेणाऱ्यानं एसएमपीएसलाच हा कनेक्टर मूळचा आहे ना ते बघावं, चाप लागेपर्यंत दाबावा, दाबल्यावर फट दिसते का ते टॉर्च लावून पाहावं, आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नये. जुन्या आठच्या कनेक्टरांची भारी कार्डं असतील तर एकाच केबलला पुढे फुटलेली दोन तोंडं न वापरता प्रत्येक सॉकेटाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल न्यावी. हार्ड डिस्कच्या जुन्या चार पिनी जोडावरून ग्राफिक कार्डाला वीज देणारे अडॅप्टर बाजारात अजून मिळतात. ते घेऊच नयेत.

आणखी एक जागा अशी आहे जिथे कोपरे आपल्याला वाचवत नाहीत, आणि तिथे नुकसान सर्वात जास्त होतं. मॉड्युलर एसएमपीएसमध्ये केबली दोन्ही टोकांनी सुटतात. बोर्डाकडच्या टोकाला मानक आहे. एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलंच मानक नाही. तिथे कोणत्या घरात बारा व्होल्ट आणि कोणत्या घरात ग्राउंड हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते वेगळं असू शकतं. आकार मात्र जुळतो. जुना एसएमपीएस बदलून नवा लावताना ‘केबली कॅबिनेटात बसवलेल्याच आहेत, राहू द्या’ असं वाटणं साहजिक आहे. अशा वेळी पाच व्होल्टच्या घरात बारा येऊ शकतात आणि बटण दाबताच सगळ्या हार्ड डिस्क एकदम जाऊ शकतात, फोटोंसकट, हिशेबांसकट. म्हणून एसएमपीएस बदलला की केबली सगळ्या बदलायच्या, आणि काढलेल्या केबली त्या एसएमपीएसच्या खोक्यात नाव लिहून ठेवायच्या. जुन्या काळीही याचं एक उदाहरण घडलं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका मोठ्या अमेरिकी कंपनीनं एटीएक्ससारखाच दिसणारा २०चा कनेक्टर वापरला, पण आत तारांचा क्रम आपला ठेवला. बाजारातला साधा एसएमपीएस त्या बोर्डाला सहज बसायचा आणि बोर्ड जळून जायचा. आकार वचन देतो असं आपण धरून चालतो, आणि तिथे ते मोडलेलं होतं.

पिवळ्या तारांचा प्रवास पुढेही चालूच आहे. इंटेलनं एटीएक्स-१२-व्हीओ नावाचं मानक काढलं आहे, त्यात एसएमपीएस फक्त बाराच व्होल्ट देतो. लाल आणि नारिंगी तारा गेल्या. २४चा कनेक्टर जाऊन दहा घरांचा आला. जांभळ्या तारेचं जागं राहण्याचं कामही बारा व्होल्टवर होतं. पाच आणि ३.३ व्होल्ट मदरबोर्ड स्वतः बनवतो, आणि साटा डिस्कना वीज पुरवण्याचं कामही त्याच्याकडेच येतं, त्यामुळे डिस्कच्या वीजवायरी एसएमपीएसऐवजी बोर्डातून निघतात. सध्या असे बोर्ड मुख्यतः कंपन्यांनी जोडून विकलेल्या संगणकांत दिसतात. तो संगणक सेकंडहँड घेऊन त्यात दुसरा एसएमपीएस टाकायचा विचार असेल तर कॅबिनेट उघडून आधी घरं मोजावीत: दहा असतील तर २४चा एसएमपीएस त्याला चालणार नाही, आणि २४ असतील तर दहाचा.